चार महिन्यांसाठी नवीन शहर: गाडी घ्यायची की बसवर भागेल?

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, ऑफिसच्या कामासाठी मला चार महिने एका शहरात जाऊन राहायचंय. फार मोठं शहर नाहीये, तीनेक लाख वस्ती, मेट्रो वगैरे काही नाही, बस आहेत म्हणतात. याआधी मी तिथे कधी गेलेले नाही. पोचायला विमान, ट्रेन आणि लांब पल्ल्याची बस असे तिन्ही पर्याय दिसतायत आणि रोज बघून बघून माझा गोंधळ वाढतच चाललाय. दुसरं म्हणजे तिथे गेल्यावर फिरायचं कसं. टीममधले एक सीनियर म्हणाले की गाडीशिवाय तिथे काही खरं नाही, चार महिन्यांसाठी सरळ गाडी भाड्याने घेऊन टाक. मला गाडी चालवता येते पण मनापासून आवडत नाही. शेवटचे दोन आठवडे नवरा आणि सासूबाई पण येणार आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. काय करू?

उत्तर:

पत्रात शहराचं नाव नाहीये, फक्त तीनेक लाख वस्ती एवढंच लिहिलंय, आणि खरं सांगू का, त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन घ्या. अडीच लाखाच्या आतबाहेरचं शहर, पण गाडी घेऊन मध्यवस्तीत शिरलात तर वैताग येईल, कारण १९७७ मध्ये त्यांनी मधल्या भागाचे चार तुकडे केले आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात गाडीने थेट जायचा रस्ताच ठेवला नाही, गाडीवाल्याने बाहेर रिंग रोडला जायचं, वळसा मारायचा आणि दुसऱ्या बाजूने परत आत यायचं, सायकलवाला मात्र सरळ निघून जातो. आता अमेरिकेत टेक्सासमधलं आर्लिंग्टन बघा, वस्ती चार लाखाच्या आसपास, म्हणजे ग्रोनिंगनपेक्षा मोठंच, पण तिथे ठरलेल्या रूटवर फिरणारी नेहमीसारखी सिटी बस नाहीच, २०१७ च्या शेवटी त्यांनी ॲपवरून बोलवायच्या शेअर व्हॅन सुरू केल्या आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ते लोक त्याच वापरतात. दोन्ही शहरं 'मध्यम'च म्हणायची ना, पण एकीकडे गाडी म्हणजे डोक्याला ताप आणि दुसरीकडे गाडी नसेल तर अडून बसायची वेळ.

त्यामुळे तुमचे सीनियर चुकीचं बोलतायत असं मी म्हणणार नाही, पण ते तिथे राहत होते कुठे हे त्यांना नक्की विचारा. नव्वद टक्के शक्यता, शहराबाहेरच्या कुठल्यातरी कॉलनीत राहत असणार, जिथे तासाला एक बस. गाडी की बस हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी राहायची जागा ठरवा, कारण मध्यम शहरात जागा नीट मिळाली की अर्धा प्रवास तिथेच मिटतो आणि चुकली की मग कितीही पर्याय असू देत, तुम्ही रोज ताटकळत उभ्या.

बरं, आधी पोचायचं बघू. इथे लोक तिकिटावरचा वेळ बघतात आणि फसतात. विमान एक तासाचं असलं तरी तुम्ही दीड-दोन तास आधी तिथे, उतरल्यावर सामानाची वाट, मग विमानतळावरून शहर. आणि विमानतळाला शहराचं नाव आहे म्हणजे तो त्या शहरात आहे असं अजिबात समजू नका, स्वस्त विमानं ज्याला फ्रँकफर्ट म्हणून विकायची तो हानचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, पॅरिसच्या नावावर चालणारा बोव्हे ऐंशीएक किलोमीटर, स्टॉकहोमचा स्काव्हस्ता शंभरच्या आसपास. मध्यम शहरांच्या बाबतीत उलटंही होतं, शहराला स्वतःचा छोटासा विमानतळ असतो, जवळही असतो, पण तिथे दिवसाला मोजकी विमानं येतात आणि त्यातलं एक रद्द झालं की पुढचं दुसऱ्या दिवशी. अशा वेळी मोठ्या शहराच्या विमानतळावर उतरून पुढे ट्रेनने गेलेलं जास्त खात्रीचं.

ट्रेनचा मोठा फायदा म्हणजे जुनी स्टेशनं बहुतेक शहराच्या मधोमध असतात, उतरलं की समोर बस स्टँड, टॅक्सी, हॉटेलं, सगळं. पण हायस्पीड ट्रेन असेल तर नकाशा उघडून स्टेशन कुठे टाकलंय ते बघाच. फ्रान्समध्ये आमियां आणि सां-कांतां या दोन शहरांच्या मध्ये एक स्टेशन बांधलंय, दोन्हीकडून गैरसोयीचं, आजूबाजूला नुसती बीटाची शेतं, तर लोकांनी त्याला बीटाचं स्टेशन असंच नाव पाडलं. ट्रेन वेगात तिथे पोचते हो, पण पुढे तुम्हाला कोण नेणार? मध्यम शहरांच्या वाट्याला अशी स्टेशनं जास्त येतात कारण वेगवान गाडीला वळण घेऊन गावात शिरायचं नसतं.

लांब पल्ल्याची बस स्वस्त असते आणि कधीकधी थेट असते, म्हणजे मध्ये बदलायचं नाही, आणि चार महिन्यांचं सामान सोबत असताना 'बदलायचं नाही' याला खूप किंमत आहे. दोन मोठ्या बॅगा घेऊन एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर सहा मिनिटांत पळून बघा, मग कळतं. बस शहरात नेमकी कुठे सोडते तेवढं बघा, काही कंपन्या हायवेवरच्या पेट्रोल पंपाजवळ किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये उतरवतात आणि तिकिटावर नुसतं शहराचं नाव असतं.

ट्रेन बदलावी लागणार असेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. तुकड्या-तुकड्यात काढलं तर स्वस्त पडतं कधीकधी, मान्य, पण पहिली गाडी लेट झाली आणि दुसरी चुकली तर दुसरं तिकीट बहुतेक ठिकाणी वाया, कारण कंपनीच्या हिशोबात तो वेगळाच प्रवास असतो. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी बऱ्याचदा त्यांची असते. आणि पहिल्यांदा जाताना काहीही करून उजेडी पोचा. मोठ्या शहरात रात्री अकराला उतरलात तरी काहीतरी मिळतं, मध्यम शहरात नऊनंतर बस विरळ होतात, टॅक्सी स्टँडवर एखादी गाडी असते किंवा नसते, आणि फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. तिन्ही पर्यायांमध्ये वेळ साधारण सारखा येत असेल तर मी ट्रेनच घेईन, दुपारी पोचणारी.

आता राहायच्या जागेकडे येऊ, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घराची जाहिरात बघताना 'सेंटरपासून फक्त पंधरा मिनिटं' वगैरे जे लिहिलेलं असतं त्याकडे लक्षच देऊ नका, ती पंधरा मिनिटं गाडीची, तीही पहाटे. तुम्ही काय करा, घराचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता मॅपमध्ये टाका, सार्वजनिक वाहतूक निवडा आणि वेळ बदलून बदलून बघा. मंगळवार सकाळी साडेआठला किती वेळ दाखवतं. मग ऑफिसमधून संध्याकाळी साडेसातला निघालात तर. मग रविवारी दुपारी. मग शनिवारी रात्री दहाला स्टेशनवरून घरी. पहिलं उत्तर छान येईल, ते सगळीकडेच येतं, शेवटची दोन बघा. रविवारी बस आहे का आणि रात्रीची शेवटची बस कितीला, या दोन गोष्टींवर ते घर घ्यायचं की नाही ते ठरवा. शेवटची बस साडेआठची असेल तर ते घर गाडीवाल्यांचं आहे, तुमचं नाही, कितीही सुंदर बाल्कनी असू दे.

मॅपमध्ये बस दिसत नसेल तर बसच नाही असं मात्र समजू नका. मॅपला बसची वेळापत्रकं द्यायची पद्धत २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या बस कंपनीने आणि गूगलने मिळून सुरू केली आणि पुढे ती जगभर गेली, पण माहिती द्यायचं काम अजूनही त्या त्या बसवाल्याचं असतं. छोट्या कंपन्या, शेअर गाड्या, मिनीबस हे सगळं बऱ्याच शहरांत रस्त्यावर धडधडीत धावत असतं आणि मॅपला पत्ता नसतो. म्हणून शहराच्या बस सेवेचं स्वतःचं ॲप किंवा साइट बघा, आणि तुमच्या नव्या ऑफिसमधल्या जी व्यक्ती गाडी वापरत नाही अशा कोणालातरी शोधून विचारा. गाडीवाल्याला बसचं काय विचारणार, त्याला शेवटची बस कधी पकडली तेच आठवत नसतं.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे बस किती मिनिटांनी आहे. नकाशावर रंगीबेरंगी रेघा खूप दिसतील, त्यांनी हुरळून जाऊ नका. दर दहा मिनिटांनी बस असेल तर वेळ न बघता गेलात तरी सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं, अर्ध्या तासाने असेल तर पंधरा, आणि बस बदलायची असेल तर ते थांबणं पुन्हा. तेही बस वेळेवर असतील तर. एक बस लेट झाली की स्टॉपवर जास्त लोक साठतात, ते चढायला वेळ लागतो, म्हणून ती अजून लेट होते, मागची बस रिकामी असल्यामुळे भरभर येऊन तिला गाठते, आणि मग वीस मिनिटं काहीच नाही आणि एकदम दोन बस एकामागोमाग, हे सगळीकडे होतं, त्यात कोणाची बदमाशी नसते. त्यामुळे थोडं लांब चालत जाऊन एका दर दहा मिनिटांच्या रूटवर राहणं हे दारासमोर तासाला येणाऱ्या तीन रूटपेक्षा चांगलं, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

छोट्या शहरांत अजून एक प्रकार असतो तो माहीत असलेला बरा. सगळ्या बस एकाच वेळी मधल्या चौकात किंवा स्टेशनजवळ येतात, पाचेक मिनिटं थांबतात, लोक इकडून तिकडे बदलतात, आणि सगळ्या एकदम सुटतात, म्हणजे समजा दर तासाला पूर्ण वाजता आणि अर्ध्याला. स्वित्झर्लंडने तर १९८२ पासून सगळ्या देशाच्या रेल्वेला असंच घड्याळी वेळापत्रक लावलंय. हे फार सोयीचं असतं, एकदा मिनिटं पाठ झाली की ॲप लागत नाही. पण तुमची बस चार मिनिटं उशिरा चौकात आली आणि बाकीच्या निघून गेल्या तर अख्खा अर्धा तास गेला. अशा शहरात सकाळी मीटिंग असेल त्या दिवशी एक बस आधीची पकडा आणि बदलायची वेळच येऊ नये असं घर मिळालं तर उत्तमच.

स्टॉपवरचा कागद वाचायला शिका, हे मी मुद्दाम सांगतेय कारण ॲपच्या नादात तो कोणी वाचत नाही. डावीकडे उभे तास लिहिलेले असतात, ६, ७, ८ असे, आणि प्रत्येक तासासमोर मिनिटं. म्हणजे ८ च्या पुढे ०७, २२, ३७, ५२ असेल तर आठ सात, आठ बावीस, असं. शनिवार आणि रविवार-सुट्टीचे रकाने वेगळे. पण गंमत पुढे आहे, काही मिनिटांच्या डोक्यावर बारीकसं अक्षर किंवा चांदणी असते आणि खाली कोपऱ्यात त्याचा अर्थ दिलेला असतो, फक्त शाळा चालू असताना, किंवा फक्त शुक्रवारी, किंवा ही बस मध्येच अमुक ठिकाणी संपते. शाळेला सुट्टी लागली की सकाळच्या निम्म्या बस गायब होतात आणि नवीन माणूस स्टॉपवर उभा राहून शहराला शिव्या घालतो. तुम्ही चार महिने असणार म्हणजे एखादी शाळेची सुट्टी मध्ये येणारच, तारखा आधी बघून ठेवा.

चालणं तुम्ही पत्रात धरलेलंच नाही, आणि मध्यम शहरात तोच सगळ्यात भरवशाचा पर्याय असतो. ताशी पाच किलोमीटर म्हटलं तरी दोन किलोमीटरला पंचवीसएक मिनिटं लागतात, आणि अशा शहरांचा मधला भाग बऱ्याचदा तेवढाच असतो. ऑफिस मध्यवस्तीत असेल तर थोडं छोटं घर घ्या पण चालत जाता येईल असं घ्या, विषयच संपला. ऑफिस शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल भागात असेल तर मात्र घर मध्यात आणि बस तिथे जाणारी असं जमतं का ते बघा, सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने जाल, बसायला जागा मिळते. कंपनीची स्वतःची बस किंवा कारपूल आहे का तेही विचारा, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि बऱ्याच कंपन्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

सायकल चालवायची सवय असेल तर घ्या, महिन्याच्या भाड्याने मिळते आणि पाच किलोमीटरच्या आत ती बसला सहज मागे टाकते. चढ असेल तर ई-बाईक. चढाची धास्ती घेऊ नका, नॉर्वेत ट्रॉनहाइमला तर १९९३ मध्ये सायकलवाल्यांना चढावर ढकलणारी लिफ्टच बसवली, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर एक पाय टेकवायचा आणि ती तुम्हाला वर नेते! पण सवय नसेल तर नवीन शहरात, नव्या ट्रॅफिकमध्ये शिकायला जाऊ नका. ई-स्कूटरचंही तेच.

आता गाडी. पूर्ण चार महिने घेऊ नका, मला तरी ते पटत नाही. तुम्हाला आवड नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे गाडी घेतली की तिला रोज रात्री झोपायला जागा लागते, आणि मध्यवस्तीत पार्किंगचा महिन्याचा परवाना बऱ्याचदा फक्त तिथल्या नोंदणी केलेल्या रहिवाशांना मिळतो, भाड्याच्या गाडीला मिळेलच असं नाही. शिवाय युरोपातल्या, विशेष करून इटलीच्या शहरांत जुन्या भागात ठराविक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि नुसता कॅमेरा लावलेला असतो, अडवायला कोणी नाही, तुम्ही मॅपच्या मागे मागे आत जाता आणि काही महिन्यांनी घरी आल्यावर दंड येतो, वर भाडे कंपनी त्याची वेगळी फी लावते. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये ग्रोनिंगनसारखेच तुकडे पाडलेत. अशी शहरं वाढतायत, कमी होत नाहीयेत.

त्यापेक्षा पहिले दोन आठवडे गाडीशिवाय काढा आणि कुठे कुठे अडतंय ते बघा. रविवारी बाहेर फिरायला जायला अडत असेल तर त्या दिवसापुरती गाडी घ्या, तासावर मिळणारी शेअर कार असेल तर अजूनच छान. पहाटे पाचच्या ट्रेनला अडत असेल तर आदल्या दिवशी फोन करून टॅक्सी बुक करा, मध्यम शहरात पहाटे ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर कधीही राहू नका, त्या वेळी शहरात जागे असलेले ड्रायव्हर दोन असतात आणि दोघेही विमानतळावर. आणि रोज ऑफिसलाच जायला अडत असेल, बस नाहीच, चालणं शक्य नाही, तर मग सीनियरांचं ऐका आणि गाडी घ्या. फक्त घ्याल तेव्हा शहराच्या कडेला पार्क अँड राइड आहे का बघा, गाडी तिथे लावायची आणि मध्यात बसने जायचं, ऑक्सफर्डमध्ये ही पद्धत १९७३ पासून चालू आहे आणि तिथे गाडीने येणाऱ्याला शहाणी माणसं हेच सांगतात.

सासूबाईंचं. त्यांच्यासाठी पायरी किती उंच आहे हा प्रश्न आहे, अंतराचा नाही. नवीन लो-फ्लोअर बस असतील तर काहीच प्रॉब्लेम नाही, बऱ्याच बस स्टॉपवर थांबल्या की एका बाजूला थोड्या झुकतात आणि मधल्या दाराला रॅम्प असतो, तो लागणार असेल तर चढायच्या आधी ड्रायव्हरला हात करून सांगायचं, लाजायचं नाही. जुन्या ट्राम आणि लांब पल्ल्याच्या बस मात्र वाईट, तीन-चार उंच पायऱ्या असतात आणि दांडा भलतीकडेच. तुम्ही आधी तीन महिने तिथे असालच, तर त्या येण्याआधी तुमच्या रूटवर कुठल्या बस येतात ते बघून ठेवा, आणि स्टेशनवर लिफ्ट आहे का, चालू आहे का, तेही. काही शहरांत वयस्कर लोकांसाठी वेगळी सोय असते, स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्यानामध्ये २००७ पासून मधल्या भागात गाड्या बंद केल्या आणि तिथे लोकांना नेणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फुकट फिरतात. तसं काही असेल तर पर्यटन कार्यालयात कळेल. नाहीतर त्या दोन आठवड्यांसाठीच गाडी घ्या, नवरा चालवेल, त्याला आवडत असेल तर.

राहिलं तिकीट. काही ठिकाणी बसमध्ये चढताना कोणी तिकीट बघत नाही, याचा अर्थ लागत नाही असा नाही, मध्येच तपासनीस चढतात, आणि कागदी तिकीट असेल तर ते आतल्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नुसतं खिशात ठेवलेलं चालत नाही. प्रवास फुकट आहे असं ऐकलंत तर कोणाला ते विचारा, एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये २०१३ पासून फुकट आहे पण तिथे नोंदणी केलेल्या रहिवाशांना, फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये २०१८ पासून बस सगळ्यांना फुकट. चार महिने राहणार म्हणजे पत्त्याची नोंदणी करता येत असेल तर करून टाका, कुठली सवलत त्यावर अडकलेली असते सांगता येत नाही. आणि पास काढताना एकच विचारा, हा काढल्या तारखेपासून तीस दिवसांचा आहे की कॅलेंडरच्या महिन्याचा? दुसऱ्या प्रकारचा असेल आणि तुम्ही वीस तारखेला पोचलात तर पहिले दहा दिवस सुटी तिकिटं काढा, पास एक तारखेला घ्या.